कंसाबाहेरचं

एप्रिलात नॅकची कमिटी येणार,
म्हणून प्राचार्य म्हणाले, मॅडम, सूची पाहिजे,
दुधाटे सरांची. नीट, तक्त्यात.
सर दिवाळीच्या आधीच गेले.
मागं एक पेन ड्राइव्ह, चष्म्याच्या घरात ठेवलेला,
त्यात एकच फाइल:
दोन हजार सहाशे चौदा पुस्तकं,
अकरा वर्षं दोन बोटांनी टाइप केलेली.

सेलूच्या लायब्ररीत बसून मी लायब्ररी उतरवून घेतली.
मुंजाजी म्हणाला, लायब्ररीत लायब्ररी? ती कशाला?
म्हणलं, पायथनची असती, सूचीच्या फायली वाचती.
म्हणाला, मग तिला चाळिशी लागत नसंल.

चार ओळींचा कोड.
कूलरमध्ये पाणी नव्हतं, नुसताच फिरत होता.
अकराशे सेहेचाळीस नोंदी सरळ आल्या
आणि पुढचं सगळं एकाच पुस्तकाच्या पोटात गेलं.
एक महिरपी कंस
सरांनी उघडला होता, बंद केला नव्हता.
मी केला.

मग सालं.
कापसाच्या जिनिंगचा एक अहवाल, साल १३४७,
यंत्रानं नेऊन बसवला बहामनी तख्ताशेजारी.
फसली साल, हे त्याला कुणी सांगावं?
चौदाशेच्या आत असेल तर पाचशे नव्वद मिळव,
अशी ओळ लिहिली
आणि निजामाचं राज्य आपल्या जागी आलं.

मग नावं.
शेवटचा शब्द आडनाव, एवढंच त्याला ठाऊक.
शेख महबूब शेख अहमद यांना त्यानं
‘अहमद’खाली घातलं,
लेकाची पुस्तकं बापाच्या नावावर.
मथुराबाई गिरगावकर आणि सोनाबाई पवळ,
ओव्या गोळा करणाऱ्या दोघी,
त्या ‘आणि’सकट एकच बाई झाल्या.
इंग्रजी ‘अँड’ असता तर सुटल्या असत्या.
एकेक नाव हातानं सोडवलं. दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं,
यंत्र नोंदींसोबत आणखी एक आकडा सांगतंय:
शेरे, तीनशे एक्क्याण्णव.
नियम असाय की कंसातलं ते पुस्तक,
बाहेरचं ते काहीच नाही.
आणि सर अकरा वर्षं
दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत लिहीत होते.

*दुधनेला पाणी. पूल बंद. आज जमलं नाही.*
*बागवानानं बाइंडिंगचे पैसे घेतले नाहीत. का?*
*हे वाचलेलं नाही. नुसतं पाहिलंय. खोटं नको.*
*ज च्या बटणात मुंग्या.*
*पान ४१ वर मोरपीस. तसंच ठेवलं.*
*इंदूला खिचडी गेली. दोन घास.*

मी बंद केलेल्या कंसाच्या खाली
ही ओळ होती, आतापर्यंत गिळलेली:
*चौदा दिवस झाले. कुठवर आलो होतो?*

फाइल परत लिहायला सांगितली, तर यंत्रानं
सगळे शेरे गोळा करून वर रचले,
लग्नघरातल्या चपलांसारखे.
कोणतं पुस्तक वाचलं नव्हतं,
मोरपीस कशात होतं,
आता कळायला मार्ग नाही.
म्हणून तक्ता वेगळा केला
आणि मूळ फाइल आली तशी ठेवली,
तो कंससुद्धा पुन्हा उघडा.

कमिटी आली. तक्ता पाहिला, चहा घेतला.
त्यातल्या एकानं बोट ठेवून विचारलं,
हे शेख महबूब कोण?
प्राचार्य माझ्याकडं बघायला लागले.
ट्रे घेऊन उभा असलेला मुंजाजी म्हणाला,
आमच्या गल्लीतले व्हते साहेब.
खाली बसून लिहायचे.